घड्यांची फुलं, घड्यांचे पंख: ओरिगामी आणि रोबॉटिक्स एकत्र येतात त्या कलेबद्दल

चौघडी

नमस्कार मंडळी. ओरिगामीवर इथे अधूनमधून धागे येतात पण ते सगळे बगळे, बेडूक, डबे यांचे. हलणाऱ्या ओरिगामीवर कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही म्हणून मीच सुरू करतेय. कागदाच्या किंवा कापडाच्या घड्या आणि त्याच्या मागे मोटर, सेन्सर, वायरी असं सगळं जमवून पानाफुलांसारखं, किड्यांच्या पंखांसारखं उघडणारं मिटणारं काम करणारे कलाकार जगात आहेत आणि मला ते काम फार म्हणजे फारच आवडतं.

यातलं पहिलं नाव मॅथ्यू गार्डिनर. ऑस्ट्रेलियन कलाकार. या प्रकाराला ऑरिबॉटिक्स हे नाव त्याचंच. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझला आर्स इलेक्ट्रॉनिका फ्युचरलॅब या कला आणि तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत राहून त्याने जी मांडणी केली तिच्यातल्या एकेका फुलाला १,०५० घड्या आहेत, आणि सगळी फुलं धरली तर ५२,५००. माणूस जवळ गेला की फूल उमलतं. मला आकड्यापेक्षा भारी वाटली ती वेगळीच गोष्ट, ती म्हणजे त्याने कागद सोडून पॉलिएस्टर कापड घेतलं. कागदाची घडी दिवसभर उघडमीट करत राहिलात तर त्या रेषेवरचे तंतू तुटत जातात आणि शेवटी नेमका जिथे चार घड्या मिळतात तिथे भोक पडतं. पॉलिएस्टरला उष्णता देऊन घडी बसवली की ती बसते, आणि कापड फाटत नाही.

आता माझं म्हणणं, आणि यावरच मला तुमच्याशी बोलायचंय. या कामात घडी हेच यंत्र असतं. मोटर फक्त एक ओढ देते. बाकी हजार रेषांनी कधी, कुठे, किती वळायचं ते घड्यांच्या नकाशातच ठरलेलं असतं. कोर्यो मिउरा या जपानी अवकाशशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शोधलेली मिउरा घडी तुम्ही करून बघा, तिरक्या चौकोनांची जाळी असते, समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की अख्खा कागद एकदम उघडतो आणि ढकलले की एकदम मिटतो, मधल्या एकाही चौकोनाला हात लावावा लागत नाही. म्हणून तर १९९५ मध्ये जपानच्या स्पेस फ्लायर युनिट या यानावर या घडीचं सौर पॅनेल पाठवलं, कारण अवकाशात घडी उलगडायला माणूस नसतो. आणि गंमत बघा, हॉर्नबीम नावाच्या युरोपातल्या झाडाचं कोवळं पान कळीतून बाहेर येताना जवळपास याच पद्धतीने उलगडतं, त्याची भूमिती १९९८ मध्ये कोबायाशी, बिरुता क्रेसलिंग आणि व्हिन्सेंट यांनी मांडली. झाडाकडेही मोटर नाही, मधली शीर लांब होते आणि बाकीचं घड्या करतात.

प्लॅस्टिकचं फूल मोटरवर बसवून गरागरा फिरवायचं हा वेगळा प्रकार. ती सजावट झाली, तिथे फुलाचं आणि यंत्राचं काही नातं नसतं.

तर कोणी असलं काही बघितलंय का, केलंय का, आणि आपल्याकडचं कुठलं झाड किंवा किडा यासाठी घ्यावा असं तुम्हाला वाटतं?

टाचणी

वाखू (वाचनखूण) साठवली. सावकाश वाचते, मिउरा घडी लगेच करून बघितली, चौकोन तिरके का हवेत ते करतानाच कळलं. सरळ चौकोन घेतले तर आधी एक बाजू पूर्ण मिटल्याशिवाय दुसरी हलतच नाही!

डेल्फ्टचा_दादूस

चौघडीताई मस्त धागा. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो त्यामुळे शायलाइट नावाचं हलत्या दिव्यांचं काम प्रत्यक्ष बघायला मिळालं, अ‍ॅम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये आहे. स्टुडिओ ड्रिफ्ट म्हणजे लोनेके गॉर्डाइन आणि राल्फ नाउता या जोडीचं काम. छतापासून रेशमाच्या थरांचे दिवे लटकलेले असतात, मिटलेल्या कळीसारखे, ते एकदम खाली येतात आणि येता येता पाकळ्यांसारखे फुलतात, क्षणभर थांबतात, परत मिटून वर जातात. काही फुलं आणि पानं रात्री मिटतात त्यावरून ही कल्पना आली असं ते सांगतात. मी तिथे बराच वेळ उभा होतो, लहान मुलं तर खाली आडवी झाली होती बघायला. आता हे ओरिगामी म्हणावं का मला माहीत नाही, नेमक्या रेषेवर घडी नाहीये ती, पण निसर्गातली हालचाल यंत्रातून आणायची तर वेग किती महत्त्वाचा आहे ते तिथे कळतं. सगळे दिवे एकाच गतीने खाली आले असते तर लिफ्ट बघितल्यासारखं झालं असतं. एक झपकन येतो, दुसरा रेंगाळतो, म्हणून ते जिवंत वाटतं.

चौघडी

@डेल्फ्टचा_दादूस, हेवा वाटला तुमचा! शायलाइट काटेकोर ओरिगामी नाही हे मान्य, रेशीम हवेने फुलतं आणि वजनाने खाली पडतं. पण वेगाचं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. घडीचा नकाशा कुठे वळायचं ते सांगतो, पण किती घाईने वळायचं ते कलाकाराने ठरवायचं असतं, आणि बऱ्याच कामात तिथेच कमी पडतं असं मला वाटतं.

रानभूल

वनस्पतीशास्त्र शिकवते म्हणून थोडं लिहिते, लांब झालं तर सांभाळून घ्या.

फूल उमलणं आणि पान मिटणं या दोन खूप वेगळ्या गोष्टी आहेत. बरीचशी फुलं उमलतात ती पाकळीच्या पेशी वाढल्यामुळे, आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त वाढली की पाकळी मागे वळते, आणि वाढ परत उलटी जात नाही. (कमळासारखी रोज उघडून मिटणारी फुलं आहेत, पण त्यांचंही ठरावीक दिवसांचं आयुष्य असतं.) लाजाळूचं मात्र तसं नाही. तिच्या देठाच्या तळाशी आणि प्रत्येक पर्णिकेच्या (पानातल्या छोट्या पानाच्या) तळाशी एक फुगीर गाठ असते, पल्व्हायनस म्हणतात तिला. हात लागला की त्या गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन आणि त्यांच्या मागोमाग पाणी बाहेर पडतं, ती बाजू ढिली होते आणि पान मिटतं. थोड्या वेळाने पाणी परत भरतं, पान उघडतं. म्हणजे दिवसभर उघडमीट करणारं यंत्र बनवायचं असेल तर ते मुळात फुलापेक्षा पानाच्या जास्त जवळचं आहे, आणि माझं मत विचाराल तर कलाकारांनी फुलाचा मोह थोडा बाजूला ठेवून पानांकडे बघावं.

आपल्याकडचं म्हणाल तर आपटा घ्या! दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो ते पान बघा, दोन पाळ्या आणि मध्ये एक शीर, आणि झाडावर असताना रात्री ते त्याच शिरेवर मिटतं. कांचनाचंही तसंच. एकच घडी, सगळ्यात सोपं यंत्र. शिरीष आणि चिंच यांच्या पर्णिका रात्री जोडीजोडीने मिटतात, ते आपट्याच्या पुढची पायरी म्हणून करता येईल. आणि ताडाचं पान! पंख्यासारखं, डोंगर-दरी डोंगर-दरी अशा घड्या त्याला कळीतच असतात, आणि तेवढ्या मोठ्या पानाला ताठपणा येतो तो त्या घड्यांमुळेच. केळ मात्र घेऊ नका, तिची सुरळी उलगडते, तिथे घडी नाही.

चौघडी

रानभूलताई, कसला सुंदर प्रतिसाद. आपट्याचं पान हजारदा हातात घेतलं असेल पण ते रात्री मिटतं याकडे कधी लक्षच गेलं नाही. आज बघणार.

बांधावरून

आमच्याकडे कापूस आणि तूर असते त्यामुळे लेडीबर्ड भुंगेरा रोजचाच, आम्ही ढालकिडा म्हणतो, मावा (पिकाचा रस शोषणारे बारीक किडे) खातो म्हणून त्याला कोणी मारत नाही. त्याच्या पाठीवरच्या लाल ढालीखाली पंख घडी घालून ठेवलेले असतात आणि ढालीपेक्षा ते बरेच लांब असतात. ते ढालीखाली नेमके कसे जातात हे दिसायचं नाही, कारण ढाल मिटल्यावरच घडी पडते. टोकियो विद्यापीठातल्या काझुया साइतो आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी २०१७ मध्ये काय केलं, एका ढालकिड्याची ढाल काढून तिथे पारदर्शक रेझिनची ढाल बसवली आणि आत काय चालतं त्याचं शूटिंग केलं. किडा पोट वरखाली करून आणि ढालीच्या कडेचा आधार घेऊन पंख ओढून घेतो असं दिसलं. पंखातल्या शिरा सुताराच्या स्टीलच्या टेपसारख्या किंचित वळलेल्या असतात, सरळ असताना ताठ, दाबली की मोडते आणि सोडली की परत ताडकन सरळ.

दुसरा किडा इअरविग, शेपटीला चिमटा असतो तो. त्याचा पंख मिटल्यावर दहा पटीहून लहान होतो. २०१८ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की साध्या कडक कागदाच्या ओरिगामीच्या नियमांनी ती घडी पडूच शकत नाही, कारण सांध्यांमध्ये रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं, म्हणजे प्रत्येक घडी ही एक स्प्रिंग पण आहे. त्यामुळे पंख उघडा पण स्वस्थ राहतो आणि मिटलेला पण स्वस्थ राहतो, दोन्हीकडे जोर लावून धरावं लागत नाही. त्यावरून त्यांनी थ्रीडी प्रिंट करून वस्तू पकडणारा चिमटा केला.

मला यावरून असं वाटतं की फूल उघडं ठेवायला मोटर सतत चालू ठेवायची गरजच नसावी. मोटरने फक्त एक धक्का द्यावा, पुढचं घडीनेच करावं. चौघडीताई, तुमचं घडीच यंत्र वालं म्हणणं किड्यांनी खरं करून दाखवलंय.

पाटीपेन्सिल

@बांधावरून भाऊ +१००. याच्यातच भर. फोल्डस्कोप हा कागदाचा मायक्रोस्कोप बनवणारे मनु प्रकाश, स्टॅनफर्डला असतात, त्यांच्या प्रयोगशाळेने २०२४ मध्ये लॅक्रिमारिया ओलोर या एकपेशीय जीवावर काम प्रसिद्ध केलं. जीव सुमारे ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण मान ताणून दीड हजार मायक्रॉनपर्यंत नेतो आणि परत आत घेतो, आणि ही मान पेशीच्या आवरणात वक्र घड्या घालून ठेवलेली असते. वक्र घडी हा ओरिगामीतला अवघड प्रकार, त्यावर एमआयटीचे एरिक डिमेन आणि त्यांचे वडील मार्टिन डिमेन कित्येक वर्षं कागदी शिल्पं करतायत, न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची शिल्पं आहेत. कलाकार ज्या घडीशी झटतात ती एका पेशीत आधीच आहे हे वाचून मी दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हतो.

जुनाट_पेठकर

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक शंका मनापासून मांडतो. ओरिगामी मला आवडते ती हातामुळे. अकिरा योशिझावा या जपानी ओरिगामी कलाकारांनी कागद ओलसर करून घडी घालायची पद्धत आणली, त्यांचे प्राणी बघितले की बोटांचा दाब दिसतो त्यात. आता २०१४ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटीच्या लोकांनी सपाट ठेवलेला रोबॉट केला, तापवलं की आक्रसणाऱ्या प्लॅस्टिकच्या थरामुळे तो चारेक मिनिटांत स्वतःच्या घड्या स्वतःच घालून उभा राहतो आणि चालू लागतो. अभियांत्रिकी म्हणून टाळ्या वाजवाव्यात असंच आहे ते. पण घडी यंत्राने घातली, नकाशा संगणकाने काढला, हालचाल मोटरने केली, तर कलाकाराने काय केलं? हे मी वाद म्हणून विचारत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

चौघडी

पेठकरकाका, प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं अर्धंच उत्तर आहे. रॉबर्ट लँग यांचं उदाहरण घ्या. लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ, २००१ मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ ओरिगामीत आले. त्यांनी ट्रीमेकर नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात किड्याला किती पाय, किती लांब, शिंगं कुठे असं काडीचं चित्र काढून दिलं की तो कागदावर घड्यांचा पाया काढून देतो. म्हणजे अवघड गणित संगणकाने केलं. पण त्या पायापासून कीटक होतो तो पुढे हाताने, पाय किती वाकवायचा, पाठ किती फुगवायची, हे सगळं माणूस ठरवतो. आणि त्याच्याही आधीचं म्हणजे बघणं. लँग किडा नीट बघतात म्हणून त्यांचा किडा किडा वाटतो. हलणाऱ्या कामातही आपट्याचं पान किती वाजता, किती हळू मिटतं हे झाडाखाली उभं राहून बघावंच लागणार, ते प्रोग्राम करून देत नाही.

जुनाट_पेठकर

बघण्याचं पटलं. बोटांच्या दाबाचं अजून नाही पटलं, पण एखादं काम समोर बघितल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. मुंबई पुण्यात असं काही मांडलं गेलं तर इथे जरूर कळवा, मी येईन.

सर्किट_सांगली

आता कामाचं बोलू. घरी करायचं तर लोक पहिली एसजी९० सर्वो (सांगू तेवढ्या कोनात फिरणारी छोटी मोटर) घेतात, ९ ग्रॅमची निळी, स्वस्त मिळते आणि १८० अंश फिरते. एका पानाला पुरते पण आवाज करते, आणि शांत हालचालीच्या कामात तो किर्रर आवाज सगळा मूड घालवतो. दुसरं म्हणजे चारपाच सर्वो आर्डुइनोच्या (मोटरी चालवायला वापरतात तो छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) ५ व्होल्टच्या पिनवरच जोडतात आणि मग बोर्ड सारखा रीसेट होतो, तसं करू नका, सर्वोला वेगळा पॉवर सप्लाय द्या आणि ग्राउंड मात्र एकत्र जोडा.

आवाज नको असेल तर निटिनॉलची तार. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, करंट सोडला की तापून आक्रसते, अजिबात आवाज नाही. पण आक्रसते फक्त ४ टक्क्यांच्या आसपास म्हणजे १० सेंमी तारेला ४ मिमी, आणि गार व्हायला वेळ लागतो त्यामुळे परत उघडणं हळू होतं. पानासाठी मला वाटतं हे हळूपणच चांगलं आहे. ०.१५ मिमीच्या तारेला साधारण ४०० मिलिअँप लागतात, आर्डुइनोची पिन एवढं देऊच शकत नाही, मॉस्फेट (जास्त करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावा. तारेला सोल्डर धरत नाही, क्रिंप करा म्हणजे धातूची बारीक नळी दाबून बसवा. आणि करंट सतत चालू ठेवू नका, जास्त तापली की तार कायमची ढिली पडते.

सुईदोरा

मी नाटकांचे कपडे शिवते. पॉलिएस्टरचं वाचून लिहावंसं वाटलं. प्लीटिंग म्हणजे कापडाला कायमच्या घड्या बसवायचं काम करणारे लोक दोन जाड कागदांचे साचे आधी घडी घालून ठेवतात, मध्ये कापड घालतात, सगळं मिटवून बांधतात आणि वाफ देतात, गार झाल्यावरच सोडतात. गार व्हायच्या आधी सोडलं की घडी बसत नाही. कॉटनला करून उपयोग नाही, पहिल्या धुण्यात जाते. कापडात निम्मं तरी पॉलिएस्टर हवं आणि शंभर टक्के असेल तर उत्तमच. मिउरा घडीचा साचा सुद्धा असाच करता येईल, फक्त दोन्ही कागद तंतोतंत सारखे हवेत नाहीतर कोपऱ्यात कापड चुरगळतं.

इस्से मियाके या जपानी फॅशन डिझायनरचं १३२ ५ नावाचं काम शोधून बघा, २०१० चं, सपाट घडी घातलेला भौमितिक तुकडा उचलला की ड्रेस होतो. त्यात जुन मितानी या जपानी संगणकशास्त्रज्ञाचा प्रोग्राम वापरलाय. अंगावर घातल्यावर माणूसच मोटर!

चौघडी

सुईदोराताई, गार होईपर्यंत न सोडण्याचं कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, बरं झालं लिहिलंत.

फळा_खडू

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडे मोटरीचं बजेट नाही पण घडीच यंत्र आहे म्हटल्यावर मोटर नसली तरी चालेल ना? अरविंद गुप्ता सरांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात असताना रद्दी कागदातून कितीतरी हलणारी खेळणी दाखवली, आम्ही त्यातली वर्गात करतो. आणि कागदाच्या घडीतून भूमिती ही आपल्याकडची पण जुनी गोष्ट आहे, मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये यावर लिहिलं होतं.

मुलांना देण्यासारखं एक सांगतो. सपाट मिटणारी कुठलीही घडी उलगडा, कागदाच्या आतला एक बिंदू निवडा जिथे रेषा मिळतात, आणि तिथल्या डोंगर घड्या (वर उंचावलेल्या) आणि दरी घड्या (खाली गेलेल्या) वेगवेगळ्या मोजा. फरक नेहमी २ येतो. माएकावाचा नियम म्हणतात. मुलं बिंदू बदलून बदलून बघतात आणि प्रत्येक वेळी २ आलं की ओरडतात. आता आपट्याचं पान आणि ताडाचं पान करायला घेणार, मोटरऐवजी दोरा ओढायचा.

रानभूल

फळा_खडू सर, मुलांना आधी एक आख्खी संध्याकाळ चिंचेखाली नेता आलं तर न्या. अंधार पडायच्या आधीपासून. पर्णिका मिटताना दिसत नाहीत, मिटलेल्या दिसतात. दर दहा मिनिटांनी एकाच फांदीचं चित्र काढायला लावा म्हणजे वेग हातात येतो.

चौघडी

काल रात्री टॉर्च घेऊन कांचन बघून आले, सोसायटीत आहे. पानं खरंच मिटलेली होती, सगळी एकसारखी नाही, खालची जुनी पानं अर्धवटच. आपट्याच्या पानाचं चित्र तयार आहे, आकार तळहाताएवढा, पॉलिएस्टरच्या मागे पातळ कार्ड, मधल्या शिरेवर एक घडी. सर्किट_सांगली दादा, १० सेंमी तार ४ मिमीच आक्रसणार असेल तर पान पूर्ण मिटेल कसं? पाळीच्या टोकाला दोरा बांधला तर जेमतेम हलेल.

सर्किट_सांगली

टोकाला बांधूच नका, घडीच्या अगदी जवळ बांधा. तार देठात उभी ठेवा, तिच्या वरच्या टोकाला नायलॉनचा दोरा, आणि तो दोरा दोन्ही पाळ्यांना शिरेपासून ३ मिमीवर. ४ मिमी ओढ मिळाली की प्रत्येक पाळी ७५ अंशांच्या आसपास वळते, दोन्ही मिळून पान मिटलंच. जोर जास्त लागेल पण ती तार तीनशे ग्रॅमपर्यंत ओढते, पानाला भरपूर आहे. उघडायला वेगळं काही नको, सुईदोराताई म्हणतात तशी घडी बसवताना पान पूर्ण न मिटवता थोडं उघडं ठेवूनच वाफ द्या, म्हणजे कापडच ते परत उघडेल. आणि तारेवर टेफ्लॉनची बारीक नळी चढवा, पॉलिएस्टरला थेट लागू देऊ नका.

सुईदोरा

अर्धवट उघडं ठेवून वाफ द्यायची तर साचा पण तेवढ्याच कोनात करावा लागेल, सपाट साच्यात नाही जमणार. जाड कार्डाचा V करा, त्यात पान बसवा, वरून दुसरा V दाबा. कोन किती हवाय ते सांगा, मी माझ्याकडच्या कापडावर एक नमुना काढून फोटो टाकते.

चौघडी

१२० अंश धरूया. सर्किटदादा, चालेल ना एवढा?

सर्किट_सांगली

१२० चालेल. मग ३ मिमीऐवजी ४ वर बांधा, वळण कमी लागतंय तर ओढ तरी हलकी होईल.